तीन टन पाणी आणि तडजोडीचा ब्रेक

गणपती पाण्यापर्यंत नेणं कुणालाही जमतं. पाणी गणपतीपर्यंत न्यायचं ठरवा, मग कळतं आपले शेजारी कोण आहेत ते.

विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकातून खाली मोठ्या रस्त्याकडे एक उतार जातो. उतार असा की वर पिशवीतून सांडलेला बटाटा खाली पोचेपर्यंत सोललेला असतो. या उताराच्या मध्यावर गोदाबाईंचं बैठं घर आहे. गोदाबाईंचं वय चौऱ्याऐंशी. खुब्याचं हाड दोनदा मोडून दोनदा बसवलेलं. जीभ मात्र अजून कंपनीतून आली तशीच, एकदाही दुरुस्तीला न गेलेली.

साठ वर्षं गोदाबाईंनी आपला वीतभर शाडूचा गणपती स्वतःच्या हातानं पाण्यात सोडला. गेल्या वर्षी पायांनी नकार दिला. खाली चौकात विसर्जनासाठी महापालिकेचा फिरता हौद येतो, पण तो आमचा उतार चढत नाही. मग सोसायटीतल्या कुणीतरी त्यांचा गणपती पिशवीत घालून खाली नेला आणि विसर्जनाचा फोटो आणून दाखवला. गोदाबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "पाहुण्याला रिक्षात कोंबायचं आणि घरच्यांना रिक्षाचा नंबर दाखवायचा, तशातली गत झाली ही."

यंदा श्रावणात मी सहज त्यांच्याकडे डोकावलो, तर बाईंनी जाहीर केलं, "बापूराव, मी यंदा गणपती बसवत नाहीये. ज्याला पोचवता येत नाही त्याला बोलावू नये."

 कुणी असं निर्वाणीचं बोललं की माझं तोंड आपोआप उघडतं, हा जुना आजार आहे. मी म्हणालो, "बसवा खुशाल! मी हौद तुमच्या दारात आणतो."

"कोण आणतो?"

"मी."

"म्हणजे कुणी नाही," असं म्हणून त्या शेंगा सोलायला लागल्या.

आता इथे माझ्याबद्दल एक खुलासा करायला हवा. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो आणि तेव्हापासून लोक म्हणतात की बापूराव थापा मारतो. हा आरोप सपशेल खोटा आहे. मी फक्त आकडे पूर्ण करतो, आणि ते वरच्या बाजूला पूर्ण करतो. पण त्या दिवशी त्या शेंगांच्या टरफलांकडे बघत मी ठरवलं की पाचव्या दिवशी पाण्यानं भरलेला हौद या दारासमोर येऊन थांबलाच पाहिजे. येऊन *थांबला* पाहिजे. या दोन क्रियापदांपैकी पहिलं उताराच्या हातात होतं. सगळी भानगड दुसऱ्यानं केली.

हौदासाठी मी संभाजीला गाठलं. संभाजी म्हणजे इथल्या मूळ गावकऱ्यांपैकी. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे तिथे त्याच्या वडिलांचा ऊस होता. ऊस गेला, ट्रॅक्टर गेला, पण ट्रॉली त्यानं प्रेमापोटी ठेवली आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दोन चाकांची. आत ताडपत्री अंथरली की तीन हजार लिटर पाणी सहज. ओढायला त्याची जीप.

"ब्रेक कसे आहेत रे हिचे?" मी विचारलं.

संभाजीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी म्हशीला घड्याळ बांधलंय का म्हणून विचारलं होतं. "काका, ट्रॉलीला ब्रेक? आमच्या आज्यापास्नं ट्रॉली हाय. ब्रेक कुणी बघितलाच न्हाई. म्होरलं थांबलं की मागलं थांबतंय."

"आणि उतारावर, तीन टन पाणी असताना?"

संभाजीनं उताराकडे पाहिलं. मग जीपकडे. मग थोडा वेळ आकाशाकडे. "तवा मागलं म्होरं जातंय," तो म्हणाला.

म्हणजे ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक हवा. एवढ्याशा वाक्यातून पुढे काय निघालं, ते ऐका.

सोसायटीच्या बाकावर मी हा विषय नुसता काढला आणि तासाभरात तीन पक्ष स्थापन झाले. पहिला पक्ष हिंदुरावांचा. हिंदुरावांनी चौतीस वर्षं स्वारगेटहून लांब पल्ल्याच्या बस हाकल्या, आणि अजूनही ते जिन्यावरून उतरताना वळणावर खाकरून हॉर्न देतात. त्यांचं म्हणणं, ब्रेक म्हणजे हवेचा ब्रेक, बाकीचे सगळे खेळ. "खंबाटकीच्या घाटात पन्नास माणसं मागे आहेत आणि पायाखाली हवा आहे, हे सुख तुम्हाला टेलिफोन खात्यात कळायचं नाही." मी म्हटलं, हिंदुराव, जीपला हवा भरणारा कॉम्प्रेसरच नाही. तर म्हणाले, "मग जीप बदला."

दुसरा पक्ष ऋषीचा. ऋषी आयटीत आहे. तो सकाळी अकराला उठतो आणि त्याला उठल्यावर सगळं सिम्पल वाटतं. "काका, इलेक्ट्रिक ब्रेक. सिम्पल आहे. चाकाच्या ड्रममध्ये मॅग्नेट, जीपमध्ये कंट्रोलर. ड्रायव्हरनं पेडल दाबलं की करंट जातो, ट्रॉली थांबते. वजनाप्रमाणे सेटिंग करायचं, बस." सामान कुठे मिळेल विचारलं तर म्हणाला, "बुधवार पेठेत काय मिळत नाही?" हे मात्र खरं. त्या गल्ल्यांमध्ये शोधलं तर विमानाचा एक पंख सहज मिळेल, दुसऱ्यासाठी फक्त पुढच्या दुकानात विचारायला सांगतील.

तिसरा पक्ष आळंदी रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्या साईनाथचा. त्याचा धक्का ब्रेक. यात वीज नाही, हवा नाही. जीप हळू झाली की मागची ट्रॉली तिला रेटते, त्या रेट्यानं जोडणीतला दांडा आत सरकतो आणि तोच दांडा ट्रॉलीच्या चाकाचा ब्रेक ओढतो. ट्रॉली जितकी माजेल तितकी आवळली जाते. हा ब्रेक मला मनापासून आवडला. मागून रेटा आल्याशिवाय काम करायचं नाही, ही पद्धत मी नोकरीत अठ्ठावीस वर्षं पाळली होती.

मध्यंतरी परवानगीसाठी एका कार्यालयात जाऊन आलो. नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथे जन्माचा दाखला दुरुस्त करायचा आहे. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला आणि विचारलं, "हौद आहे ना? मग पाणीपुरवठा." पाणीपुरवठ्यातले गृहस्थ म्हणाले, "चाकं आहेत ना? मग वाहन." वाहनवाले म्हणाले, "विसर्जन आहे ना? मग घनकचरा." घनकचऱ्यातल्या साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, तेव्हाच मी ओळखलं की इथेही काम होणार नाही. ते म्हणाले, "आजोबा, सोसायटीच्या खासगी रस्त्यावर माणसाच्या चालीनं न्या, आणि ब्रेक आहे असा सोसायटीचा ठराव जोडा. मी आडवा येणार नाही." मी म्हटलं, साहेब, त्या ट्रॉलीला आडवं येऊच नका.

ठराव म्हटल्यावर सभा आली, आणि सभा म्हटल्यावर पूर्णिमाताई आल्या. त्या आमच्या अध्यक्षा. मराठी अशी बोलतात की समोरच्याला आपण शुद्धलेखनाच्या वहीत उभे आहोत असं वाटावं. तीन तास तिन्ही पक्ष बोलले. हिंदुरावांनी घाट सांगितला, ऋषीनं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, साईनाथनं दांडाच आणून टेबलावर आपटला, त्यात दोन कप गेले. शेवटी पूर्णिमाताई म्हणाल्या, "आपण सगळे सुशिक्षित आहोत. कुणाचाच अपमान नको. ट्रॉलीला चाकं किती?"

"दोन," मी म्हणालो.

"झालं तर. डाव्या चाकाला ऋषीचा ब्रेक, उजव्याला साईनाथचा. हिंदुराव सोबत चालतील, शिट्टी वाजवतील, आणि थांबल्यावर चाकाखाली लाकडी ठोकळा घालतील."

ठराव एकमतानं मंजूर झाला. ब्रेकसारख्या गोष्टीत सर्वांचं समाधान झालं म्हणजे चाकांचंही होईल, असं चाळीस पदवीधरांना एकदम वाटलं. मीही हात वर केला होता. घरी आल्यावर कौशल्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, एवढंच म्हणाल्या, "अहो, उद्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं झालं तर एक डोळा एका डॉक्टरकडे आणि दुसरा दुसऱ्याकडे देणार का तुम्ही?" मी म्हटलं, ठरावाविरुद्ध घरात बोलू नये.

आता चाचणी. पूर्णिमाताईंनी बजावलं की रंगीत तालमीसाठी तीन हजार लिटर पाणी मिळणार नाही. मग वजन कशाचं टाकायचं? हिंदुराव म्हणाले, "माणसं भरा. मी आयुष्यभर तेच केलंय."

रविवारी सकाळी सपाट रस्त्यावर ट्रॉलीत चाळीस सभासद उभे राहिले. स्वारगेटची सकाळची बसच जणू, फक्त सगळे एकमेकांना ओळखत असल्यामुळे जास्त अवघडलेले. ऋषीला सेटिंगसाठी एकूण वजन हवं होतं, म्हणून त्यानं वही घेऊन प्रत्येकाला वजन विचारलं, आणि तेही सगळ्यांसमोर, मोठ्यांदा. पहिल्या काकू म्हणाल्या बावन्न. त्यांच्यामागच्या, ज्या त्यांच्या अर्ध्या होत्या, त्यांना मग अठ्ठेचाळीसच्या वर जाता येईना. पुरुषांनी लग्नातलं वजन सांगितलं. कौशल्या म्हणाल्या, "पंचावन्न." मी ट्रॉलीच्या चाकाकडे पाहिलं. पूर्णिमाताईंनी सांगितलं, "लिहा, योग्य तेवढं." बेरीज भरली दोन टन. ट्रॉलीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, मात्र पार उताणे पडले होते. लोखंडाला लाज नसते.

शिट्टी झाली. संभाजीनं ब्रेक मारला. डाव्या चाकाला वीज पोचली, ते जागच्या जागी थांबलं. उजव्याला बातमी यायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात ट्रॉली डावीकडे गर्रकन वळली आणि पूर्णिमाताईंच्या जास्वंदीच्या कुंपणात घुसली. ठरावाचं पहिलं फळ सूचकाच्या दारात पडलं. कुणाला काही झालं नाही, फक्त जोशी नावाचे एक गृहस्थ एका काकूंच्या मांडीवर बसलेले आढळले आणि दोघांनीही त्याबद्दल मौन पाळलं.

साईनाथनं उजवा दांडा घट्ट केला, ऋषीनं डाव्याची वेळ मागेपुढे केली, आणि चौथ्या फेरीला ट्रॉली नाकासमोर थांबली. काय तो जयघोष! मग ऋषीनं हिशेब केला. "काका, दोन टनाला एवढा करंट लागला. पाणी तीन टन. म्हणजे दीडपट करतो." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. ते चाळीस लोक खरे तीन टनांच्या आसपास होते, म्हणजे वीज आहे तेवढीच पुरेशी होती, हे त्या चाळीसांना ठाऊक होतं. पण माणूस चार तोळे सोनं एखाद वेळ उघडं करेल, चार किलो वजन मात्र मरेपर्यंत लपवतो. माझ्याकडे बघता कशाला? मी बाहत्तर सांगितलं होतं, आणि आहे ब्याऐंशी. आकडे वरच्या बाजूला पूर्ण करायची माझी सवय नेमकी त्याच दिवशी मला सोडून गेली.

संध्याकाळी गोदाबाईंना सांगायला गेलो की तयारी झाली. त्यांनी शेंगांचं सूप पुढे ओढलं. पण गणेश चतुर्थीला त्यांच्या खिडकीतून समईचा उजेड दिसला. म्हणजे बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. त्या पाच दिवसांत मला जेवण गेलं नाही. एरवी माझ्या बोलण्यावर कुणी काही बसवत नाही, आणि या बाईंनी चक्क देव बसवला होता.

पाचवा दिवस. दुपारी चारला वरच्या फाटकाशी ट्रॉली काठोकाठ भरली. चहूबाजूंनी झेंडूच्या माळा. गोदाबाई आपल्या फाटकाशी वॉकर धरून उभ्या, नऊवारी नेसलेल्या, बाजूला पाटावर गणपती, आरती झालेली. संभाजी जीपमध्ये, ऋषी शेजारी कंट्रोलर घेऊन, साईनाथ दांड्यावर डोळा ठेवून, हिंदुराव ठोकळा काखेत मारून. मी पुढे चालत होतो. माझा शब्द होता ना.

माणसाच्या चालीनं निघालो. पन्नास पावलं अगदी साजरी गेली. गोदाबाईंचं फाटक वीस हातांवर आलं आणि हिंदुरावांनी जन्मभराची शिट्टी फुंकली.

ब्रेक लागला. असा लागला की विचारू नका. दीडपट वीज, वरून रेटा, दोन्ही चाकं जागच्या जागी गच्च. ट्रॉली थांबली. पण पाण्याचा ठराव कुणी केलाच नव्हता. माणसं ट्रॉली थांबल्यावर थांबतात, शिव्या देतात, पण थांबतात. पाणी थांबत नाही. तीन टन पाणी उभं राहिलं, पुढच्या फाळक्यावरून जीपवर कोसळलं, टपावरून घरंगळत रस्त्यावर आलं. उरलेलं मागे गेलं, विचार केला, आणि पुन्हा पुढे आलं. रस्ता झाला ओला, चाकं गच्च बांधलेली, आणि मागून पाण्याचा धक्का. मग ती ट्रॉली जीपला पुढे घालून, एकही चाक न फिरवता, झेंडूच्या माळा हलवत, अतिशय संथपणे उतारावरून घसरत निघाली.

"ब्रेक काढ!" साईनाथ ओरडला.

"ब्रेक लावलाय!" ऋषी ओरडला.

"घाट आहे का हा!" हिंदुराव ओरडले आणि त्यांनी ठोकळा टाकला. ट्रॉलीनं तो पुढे ढकलत सोबत घेतला.

गोदाबाईंच्या दारावरून आमची मिरवणूक तशीच पुढे गेली. मी घसरणाऱ्या जीपच्या बाजूला पळत होतो, आणि त्यांच्यासमोरून जाताना, आता सांगायला लाज वाटते, मी नमस्कार केला. पुढे साठेक पावलांवर रस्ता सपाट होतो. तिथे ते धूड आपसूक थांबलं.

 नुसतं पाणी ठिबकत होतं. वर गोदाबाईंचं दार, खाली हौद, मध्ये साठ पावलं. परत वर नेणं शक्य नव्हतं, ट्रॉलीची चाकं आता कुणाचंच ऐकत नव्हती. मी वर चालत गेलो. गेल्या चाळीस वर्षांत एवढा चढ मला लागला नव्हता.

"गोदाबाई, हौद..." मी म्हणालो आणि खाली बोट दाखवलं. 

बाईंनी खाली हौदाकडे पाहिलं. मग माझ्या भिजलेल्या धोतराकडे. "तुमच्या त्या गाडीला थांबता येत नाही आणि मला चालता येत नाही," त्या म्हणाल्या. "दोघींतल्या एकीनं तरी शिकायला हवं. हं, गणपती धरा. आणि वाटेत गोष्टी सांगू नका."

मी गणपती धरला. गोदाबाईंनी वॉकर पुढे टाकला.

साठ पावलांना आम्हाला अर्धा तास लागला. वॉकर, पाऊल, पाऊल. वॉकर, पाऊल, पाऊल. मागे सगळी सोसायटी आपापले गणपती घेऊन त्याच चालीनं. हिंदुराव हळूच शिट्टी वाजवून ताल देत होते. मध्ये एकदा बाई थांबल्या, तर मागचे चाळीसच्या चाळीस लोक एका क्षणात, न घसरता, न सांडता थांबले. साईनाथ माझ्या कानाशी म्हणाला, "बापूराव, हा ब्रेक बघा."

हौदाशी पोचलो आणि नवाच शोध लागला. ट्रॉलीची कड जमिनीपासून सहा फुटांवर होती. ब्रेकसाठी आमच्या अकरा बैठका झाल्या होत्या, शिडीसाठी एकही नाही. पूर्णिमाताईंनी तोंड उघडलं. मला वाटलं आता उपसमिती नेमणार. पण संभाजीनं तेवढा वेळच दिला नाही. चाकावर चढून तो म्हणाला, "आज्जे, खुर्चीवर बस. आन् डोळं मीट."

"डोळे कशाला मिटू? मी काय मेलेय?" गोदाबाई म्हणाल्या आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या. चौघांनी खुर्चीसकट उचललं आणि अलगद हौदात ठेवलं.

हौद भरलेला असता तर हे जमलं नसतं, पाणी कमरेच्या वर आलं असतं. पण दोन तृतीयांश पाणी आम्ही वाटेत सोडून आलो होतो. उरलेलं बाईंच्या पोटऱ्यांपर्यंत होतं. त्यांनी पाय थोडे हलवून पाहिले, लहान मूल हलवतं तसे. मी काठावरून गणपती त्यांच्या हातात दिला. त्या वाकल्या. एकदा बुडवला, वर घेतला. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्यांनी हात पाण्यातच ठेवले, बराच वेळ. शाडू विरघळून पाणी गढूळ झालं तरी ठेवले.

मागून कुणीतरी आरोळी दिली, "गणपती बाप्पा मोरया!" आणि सगळे ओरडले, "पुढच्या वर्षी लवकर या!"

गोदाबाईंनी ओला हात वर केला. 

"लवकर काय लवकर?" त्या पाण्याकडे बघून म्हणाल्या. "सावकाश ये रे बाबा. या लोकांचा ब्रेक व्हायचाय अजून, आणि मी कुठे जात नाहीये."

संभाजी त्यांना उचलायला वाकला. त्यांनी त्याचा हात बाजूला केला.

"थांब जरा," गोदाबाई म्हणाल्या. "पाणी बरं आहे."